उघडिपीची वाट

हे मनन बसून करायचं नाही. सामन्याच्या दिवशी बाउंड्रीचा दोर जिथं पडतो तिथं, मैदानाच्या कडेला उभं राहून करायचं. पायात गमबूट असू देत. डोळे उघडे ठेवा. आपल्या धंद्यात डोळे मिटून कुणाला काही दिसलेलं नाही. वेळ सकाळी सहाची, माणसं कामावर यायच्या आधीची. महिना सप्टेंबर. पावसानं जूनपासून पाठ सोडलेली नाही, आउटफिल्डवर पिवळे पट्टे पडलेत, पिचवरची कव्हरं चार दिवस हललेली नाहीत, आणि काल संध्याकाळी वरून फोन आला, "मैदान तयार होईल ना?" तुम्ही म्हणालात, "होईल."

त्या उत्तरापासूनच सुरुवात करू. ते पुन्हा एकदा मनातल्या मनात म्हणा. तुम्हाला खरंच तसं वाटत होतं, की फोन लवकर ठेवायचा होता? घाईनं ठरवू नका. तुम्ही मोठ्या स्टेडियमचे क्युरेटर असा, क्लबाचे हेडमाळी असा, की जिल्ह्याच्या मैदानावर पाच-सहा माणसांना घेऊन काम करणारे असा, हा प्रश्न दर पावसाळ्यात येतोच. आणि तुमच्या हाताखालची माणसं तुमच्या उत्तराचा आवाज ऐकत असतात. तुम्ही फोन रोलरमागे जाऊन घेतला असलात तरी.

आता खाली बघा. लांबवर नको, बुटांच्या पुढच्या हातभर जागेत. लांबून फक्त रंग दिसतो. वरच्या काचेमागून बघणाऱ्यांना रंगच दिसतो, म्हणून ते रंगाबद्दलच विचारतात.

उकिडवे बसा. गवत बोटांनी बाजूला सारा. पानं पिवळी आहेत, काहींवर तपकिरी ठिपके आहेत, मधूनच लव्हाळ्याची तिधारी दांडी वर आली आहे. हे सगळं का झालं ते सावकाश आठवून घ्या. कारण कळलं की भीती थोडी आवाक्यात येते. हे गवत उन्हाचं आहे. बर्म्युडा म्हणा, हरळी म्हणा, त्याला तीस-पस्तीस अंशांची उष्णता आणि दिवसभराचं लख्ख ऊन मानवतं. सावली ते सोसत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात चार महिन्यांत २,००० मिलिमीटरच्या वर पाणी पडतं, पण पाण्याइतकंच ढगही नुकसान करतात. ऊन नाही म्हणून पानाला अन्न तयार करता येत नाही. मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या म्हणून मुळांना हवा मिळत नाही. वाळूच्या थरावर उभारलेलं मैदान असेल तर पाणी झपाट्यानं निघून जातं खरं, पण जाताना नत्रही घेऊन जातं. म्हणजे हा पिवळेपणा तुमच्या हलगर्जीपणाचा नाही. निदान सगळा नाही.

खिशातला चाकू काढा आणि चार बोटं खोल चिरून मातीचा एक तुकडा उचला. नाकाशी धरा. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर खाली हवा पोचत नाहीये, पाणी अडलंय. नुसता ओल्या मातीचा वास आला तर बरं. मग मुळं बघा. तपकिरी आणि बुळबुळीत असली, ओढल्यावर तुटून हातात आली, तर ती गेली. पांढरी, चिवट असली तर आहेत. मातीतून आडवी धावणारी एखादी कांडी सापडेल. ती नखानं खरवडा. आतून पांढरी, ओलसर निघाली तर तिच्या प्रत्येक पेराला फुटायची ताकद आहे, वर पान कसंही दिसो. एकाच ठिकाणी बघून समाधान मानू नका. दोन्ही टोकांना बघा, स्टँडची सावली पडते तिथं बघा, पाणी साचतं त्या कोपऱ्यात तर बघाच. तुकडा परत त्याच्या जागी बसवा, टाचेनं हलकेच दाबा.

इथं जरा थांबा.

ज्याच्यासाठी तुम्ही एवढा जीव टाकता, त्याच हरळीनं महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला पिढ्यान् पिढ्या रडवलं आहे. उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, काशा वेचून बांधावर वाळत टाकायच्या, आणि पहिल्या पावसात पाहावं तर एका राहिलेल्या तुकड्यानं पुन्हा वाफा धरलेला. इथं आपण तिला कढीपत्त्याच्या कुंडीसारखं जपतो. मोठ्या मैदानांवर आता बहुतेक संकरित जाती असतात. त्यातली टिफ्वे ४१९ ही १९६० साली अमेरिकेत, जॉर्जियातल्या टिफ्टनमध्ये तयार झाली. तिला बी धरत नाही, तुकडे लावूनच ती वाढवतात. पण आडवं धावायची आणि पेरापेराला मूळ सोडायची खोड तीच. गणपतीच्या दिवसांत कुणीतरी गडी मैदानाच्या कुंपणाजवळून दूर्वांची जुडी खुडून घरी नेतो. न्यावी. कुंपणाजवळची कुणी मोजत नाही.

तर, तुमच्या "होईल"ला आता काही आधार मिळाला आहे, किंवा मिळालेला नाही. दोन्ही चालेल. मुळं पांढरी असली तर तुम्ही खरं बोललात. एखाद्या पट्ट्यात ती गेली असली तर तिथं नवीन गवत लावावं लागेल आणि त्याला धरायला ऊन आणि दिवस लागतील, हे आजच सांगून टाकायचं. लोक म्हणतात, कठीण काळात सकारात्मक राहा. मला या सल्ल्याचा फार उपयोग झालेला दिसला नाही. ज्यानं सकाळी पाच-सहा ठिकाणी माती उकरून पाहिली आहे त्याला उमेद बाहेरून आणावी लागत नाही. आणि ज्यानं पाहिलेलंच नाही त्याच्या उमेदीवर गडीमाणसं विश्वास ठेवत नाहीत.

आता एक मोह येईल, तो येऊ द्या आणि त्याच्याकडे नीट बघा. गोदामात युरियाची पोती आहेत. आज टाकला तर आठवड्याभरात मैदान हिरवं दिसेल, वरचे खूश होतील. पण मुळं गुदमरलेली असताना पान जोरात वाढवलं तर ते लुसलुशीत, पाणचट वाढतं, बुरशीला आयतं सापडतं, आणि मूळ आणखी दमतं. नुसता रंगच हवा असेल तर फेरस सल्फेटची हलकी फवारणी करा. त्यानं हिरवेपणा येतो, वाढीचा जोर येत नाही. गवत कापण्याचंही तेच. दहा दिवस ओलीमुळे मशीन आत नेता आलं नाही, गवत वाढून लोळायला लागलं, आणि उघडीप मिळताच एकदम खाली उतरवावंसं वाटतं. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त काढायचं नाही, हा नियम आपण नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात शिकवतो आणि घाईत स्वतःच मोडतो.

भाषण हाही एक प्रकारचा युरियाच. पोरं दमलेली असताना, चौथ्यांदा भिजलेली असताना, त्यांना गोळा करून "आपण करून दाखवू" म्हणायचं. दोन तास अंगात वारं भरतं. मग दुपारी पुन्हा सर येते.

उभे राहा. गुडघ्यांना त्रास होत असेल तर सावकाश. आता पिचकडे चालत जा, पण कव्हर अजून उचलू नका. चालताना एक हंगाम आठवू.

२०२५ साल घ्या. २१ मेला वानखेडेवर मुंबईचा घरचा शेवटचा आयपीएल सामना झाला आणि २६ मेला मॉन्सून मुंबईत दाखल झाला. नेहमीची तारीख ११ जून. इतक्या लवकर तो आल्याची नोंद नव्हती. हंगाम संपल्यावर मैदानाला विश्रांती द्यायची, भोकं पाडून मातीला हवा द्यायची, वाळू पसरायची, जखमा भरायच्या, या सगळ्याला मिळणारे उन्हाचे दिवस गेले. नंतर २२ ऑगस्टला जाहीर झालं की महिला विश्वचषकाचे बंगळुरूचे सामने आता नवी मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियमवर होणार. त्याच मैदानावर जानेवारीत कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम होऊन गेले होते. ऑगस्टचा तो आठवडा डोळ्यांसमोर आणा: गणपती पाच दिवसांवर, आकाश भरलेलं, आणि हातात विश्वचषक.

२० ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर, चौदा दिवसांत पाच सामने. २३ तारखेला भारत-न्यूझीलंड सामन्यात पाऊस आला. २६ तारखेचा भारत-बांगलादेश सामना पावसानं आधी तोकडा केला आणि मग धुऊनच टाकला. ३० तारखेला त्याच खेळपट्टीच्या चौकात भारतानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावांचा पाठलाग पुरा केला. २ नोव्हेंबरच्या अंतिम सामन्याला दुपारी पावसानं गाठलं. तीनला सुरू व्हायचा तो पाचला सुरू झाला, पण एकही षटक कमी झालं नाही. भारतानं पहिल्यांदा हा चषक जिंकला. देशानं त्या रात्री जे पाहायचं ते पाहिलं. तुम्ही मात्र तीन ते पाच हे दोन तास पाहा. त्या दोन तासांत कव्हरवरचं पाणी कोणत्या बाजूला उतरवायचं, सुपर सॉपर आधी कुठं फिरवायचा, दोर कुणी कुठल्या टोकाला धरायचा, हे कुणालाही विचारावं लागलं नसणार. ते सगळं ऑगस्ट-सप्टेंबरच्या नकोशा, निरर्थक वाटणाऱ्या पावसात हाताला बसलेलं असतं.

आणखी एक गोष्ट, जरा जड आहे. २६ तारखेच्या त्या ओल्या संध्याकाळी सीमारेषेजवळ चेंडू अडवताना प्रतिका रावलचा घोटा मुरगळला आणि तिची स्पर्धा तिथंच संपली. दोष शोधायला हे सांगत नाही. मैदानावर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात तळाशी हीच भीती असते, रंगाची नव्हे. कुणाचा तरी पाय. तिच्या जागी आलेल्या शफाली वर्मानं अंतिम सामन्यात ८७ धावा केल्या, दोन बळी घेतले, सामनावीर ठरली. गोष्ट म्हणून ते छान आहे. पण तुम्ही त्या पायापाशी थोडं थांबा. पंच येऊन विचारतील, "किती वेळ?" स्टँड भरलेले असतील, टीव्हीवाले घड्याळ दाखवत असतील. तेव्हा "अजून अर्धा तास द्या, डीप मिडविकेटला पाय रुततोय" असं म्हणायची तयारी आहे का तुमची? ही तयारी त्या दिवशी येत नाही. काल संध्याकाळच्या फोनवर ती असायला हवी होती.

पिच आलं. कव्हरच्या कडेला उभे राहा. आत काय असेल ते तुम्हाला वासावरून कळतं: दमट, कोंदट, पानं फिकी. पावसात उघडावं तर भिजेल, झाकून ठेवावं तर गुदमरेल. दहा मिनिटांची उघडीप मिळाली की कव्हर उचलायचं, हवा लागू द्यायची, थेंब आला की पुन्हा ओढायचं. दिवसातून सहा वेळा. हे काम कुणाच्याही लेखी काम नाही. दिवसअखेर दाखवायला काही उरत नाही. माणसं कंटाळतात ती इथं. मेहनतीला ही माणसं भीत नाहीत, पण केलेलं लगेच पुसलं गेलं की मन बसतं.

म्हणून आज त्यांना काय द्यायचं याचा विचार करा. संपणारी कामं द्या. मोवरची पाती खोलून धार लावायची, दुपारपर्यंत होते. कव्हरला जिथं जिथं भोकं आहेत तिथं ठिगळं मारायची. गटारांच्या जाळ्या काढून आतला गाळ घमेल्यानं बाहेर टाकायचा. मग पुढची सर आल्यावर पाणी घुमत आत जाताना सगळ्यांनी मिळून बघायचं. हे बघणं महत्त्वाचं आहे. आपण केलेल्या गोष्टीचा परिणाम त्याच दिवशी दिसला तर गडी संध्याकाळी वेगळ्या चालीनं घरी जातो.

आणि कुणाला आधी विचारायचं याचाही विचार करा. तुमच्या मोबाइलवर रडारचं चित्र आहे, तासातासाचा अंदाज आहे. पण प्रत्येक मैदानावर एक मामा असतातच, पस्तीस वर्षं त्याच मैदानावर काढलेले, वारा कुठून फिरला की पाणी किती वेळात येणार ते सांगणारे. त्यांना आज सगळ्यांच्या देखत विचारा, "मामा, काय म्हणतंय आभाळ? रोलर काढावा का?" मामा वाकतील, अंगठा मातीत दाबतील, हाताला माती चिकटते का बघतील. फार ओली असताना रोलर फिरवला तर माती रोलरबरोबर उठते. वाळल्यावर फिरवला तर नुसतीच कसरत. मधला तो थोडासा वेळ मामांच्या अंगठ्याला कळतो. चुकले तर चुकले. रडारही चुकतं. पण तुम्ही विचारलंत हे नवीन पोरानं पाहिलं, आणि उद्या त्याला काही खटकलं तर तो ते तुमच्यापाशी बोलेल.

आता दोषाकडे वळू. हे टाळावंसं वाटेल, टाळू नका.

फेब्रुवारी २०१७ मध्ये पुण्याजवळच्या गहुंजेला भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी तीन दिवसांत संपली. स्टीव्ह ओ'कीफनं दोन्ही डावांत पस्तीस-पस्तीस धावांत सहा-सहा बळी घेतले आणि आयसीसीनं खेळपट्टीला 'खराब' असा शेरा दिला. नोव्हेंबर २०१५ मध्ये नागपूरच्या जामठ्याला दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या कसोटीनंतरही तोच शेरा आला होता. खेळपट्टी कशी हवी हे अनेकदा कुणीतरी भलताच ठरवतो, आणि शेरा मैदानाच्या नावावर पडतो. त्या अहवालात घमेलं उचलणाऱ्याचं नाव नसतं. पण दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्यालाच विचारतात, "काय रे, तुमचं पिच?" तुमच्या मैदानावर असं झालं तर टपरीवर जायच्या आधी त्याच्याशी कोण बोलणार? तुम्ही काय बोलणार? दोन वाक्यं मनात जुळवून ठेवा. निर्णय माझा होता, किंवा वरून आला आणि मी मान्य केला. तुम्ही सांगितलेलं काम चोख केलंत. खरं असेल तेवढंच बोला. "वरच्यांनी बिघडवलं" म्हणणं सोपं असतं, त्यानं क्षणभर सगळे आपले वाटतात, आणि पुढच्या वेळी तुमची सूचना आली की पोरं विचारतात, ही तुमची की वरची?

थोडा वेळ हे तसंच राहू द्या.

काही हंगाम मात्र असे येतात की मैदान हा मुळात प्रश्नच नसतो. एप्रिल २०१६ आठवा. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पिण्याचं पाणी जात होतं. १३ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवा. अंतिम सामना मुंबईऐवजी २९ मे रोजी बंगळुरूला झाला. मैदानावरच्या माणसानं त्या उन्हाळ्यात पाइप हातात धरायचा तो कोणत्या तोंडानं? त्याच्या स्वतःच्या गावीही टँकरची रांग असू शकते. अशा वेळी हिरवळ राखण्याची जिद्द मला शोभत नाही वाटत. आणि हरळीला ती लागतही नाही. पाणी तोडलं तर ती वरून वाळते, पिवळी-करडी होते, आणि आठवडे-आठवडे जमिनीखालच्या कांडीत जीव धरून राहते. मैदान तपकिरी पडू देणं हाही त्या हंगामात एक निर्णय असतो. तो घ्यायचा आणि माणसांना सांगायचा. नाहीतर त्यांना वाटतं साहेबांनी हात टेकले.

परत आजच्या सप्टेंबरमध्ये या. मुंबईतून मॉन्सून माघारी फिरण्याची सरासरी तारीख आता ८ ऑक्टोबर धरतात. तिच्याकडे बघून दिवस मोजू नका. २०२५ नं दाखवलंच की ऑक्टोबर संपतानाही सर येऊ शकते. त्याऐवजी कॅलेंडरवर दुसऱ्या तारखा बघा. ज्या विश्वचषकाची गोष्ट आपण केली त्याचा नवी मुंबईतला पहिला सामना नरक चतुर्दशीला होता. भारत-न्यूझीलंड सामना आणि त्यातला पाऊस, भाऊबिजेला. घराघरांत अभ्यंगस्नानं चालली असताना कुणीतरी कव्हर ओढत होतं. यंदा तुमच्याकडेही तसंच येणार असेल तर सुट्यांची यादी आज करा, ऑक्टोबरात नको. ज्यांची घरं ट्रेननं तासाभरावर आहेत त्यांना दोन पाळ्यांत सोडता येईल. ज्याची बहीण साताऱ्याला आहे त्याला भाऊबिजेऐवजी पाडवा चालेल का, ते त्यालाच विचारा.

तुमच्याकडे बिहारची दोन-तीन पोरं असतील. दिवाळीला ती काही मागत नाहीत, राहतात, जादा पाळीही करतात, म्हणून आपण गृहीत धरतो. त्यांचा सण छठ, दिवाळीनंतर सहाव्या दिवशी. २०२५ चा तो धुऊन गेलेला २६ ऑक्टोबरचा सामना ऐन छठच्या दिवसांत होता. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि त्या गाड्या मिनिटांत भरतात, म्हणजे तिकीट ज्यानं काढायचं त्यानं ऑगस्टअखेरच काढलेलं असणार, तुम्हाला न सांगता, किंवा सुट्टी मिळेल की नाही या धाकानं काढलंच नसणार. आज जेवणाच्या सुट्टीआधी त्याला गोदामापाशी बोलवा आणि विचारा. वेटिंगवर असेल तर किती नंबर आहे ते बघा, सामन्यांच्या तारखा त्याच्यापुढं ठेवा, आणि त्याच्या जागी कव्हरच्या त्या टोकाला कोण उभं राहील ते त्यालाच सुचवू द्या.